माशांना हवं शिळं पाणी!

पहिल्याच आठवड्यात आमच्या घरातले सहाच्या सहा मासे मेले.

ही २००९ सालची गोष्ट. आम्ही लातूरला राहतो. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. वाढदिवसाला काय हवं, तर म्हणे मासे. गेलो बाजारात. काचेचं गोल भांडं, त्यात रंगीत खडे, प्लॅस्टिकचं झाड आणि सहा गोल्डफिश असं सगळं घेऊन आलो. घरी आल्या आल्या खडे धुतले, नळाचं ताजं ताजं पाणी भरलं आणि मासे सोडले. काय सुंदर दिसत होते! मुलगा तर शाळेतून आला की दप्तर टाकून त्या भांड्यापुढेच बसायचा, येता-जाता चिमूट चिमूट खाणं टाकायचा. पाणी गढूळ दिसलं की मी सगळं ओतून नवं भरायची. आपली स्वच्छतेची सवय!

तिसऱ्या दिवशी एक मासा उलटा तरंगताना दिसला. सातव्या दिवशी भांडं रिकामं. कढीपत्त्याच्या झाडाखाली खड्डा खणून मुलाने त्यांना पुरलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मुक्या जिवाला कशाला आणावं घरात, सांभाळता येत न्हाई तर?" मला फार लागलं ते. कारण माझ्या हातून काय चुकलं हेच मला कळत नव्हतं. मी तर एवढी स्वच्छता ठेवली होती!

आमच्या गल्लीत शाळेतून निवृत्त झालेले जीवशास्त्राचे सर राहायचे. त्यांच्या ओसरीवर मोठी काचेची पेटी होती. एक दिवस त्यांना विचारलंच. मासे कुठले आणले, किती रुपयांचे, असं त्यांनी काही विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाणी कुठलं घातलंत?"

"नळाचं. अगदी ताजं."

"तिथंच चुकलं. तुम्ही रात्रीचं शिळं पाणी सकाळी टाकून देता ना? माशांना नेमकं तेच हवं असतं."

ताजं पाणी का नको?

मैत्रिणींनो, नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी टीसीएल पावडर किंवा क्लोरीन घातलेलं असतं. आपल्याला ते चालतं, पण माशांचे कल्ले त्याने भाजून निघतात. उपाय अगदी सोपा आहे. बादलीत पाणी भरून ती २४ तास उघडी ठेवायची. बहुतेक क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरीन मारणाऱ्या औषधाची बाटली मिळते, तिचे थेंब पुडीवर लिहिल्याप्रमाणे घालायचे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण तेही बादलीत काढून ठेवून, पेटीतल्या पाण्याइतकं कोमट-गार झाल्यावरच घालावं.

माझी दुसरी चूक यापेक्षा मोठी होती. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण मासा आत गुदमरत असतो. या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे चांगले जिवाणू असतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य. हे जिवाणू खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात आणि त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दर दोन दिवसांनी सगळं पाणी ओतून, खडे घासूनपुसून धूत होते. म्हणजे ती वस्ती बसायच्या आधीच मी उठवत होते!

सरांनी मग मला त्यांच्या पेटीतला जुना स्पंज दिला आणि म्हणाले, "हे तुमचं विरजण." खरंच तसंच असतं. दुधात विरजण घातलं की दही लवकर लागतं, तसं जुन्या पेटीतला स्पंज किंवा मूठभर खडे नव्या पेटीत टाकले की जिवाणू लवकर वाढतात. ओळखीत कुणाकडे निरोगी माशांची पेटी असेल तर हे विरजण जरूर मागून आणा.

पेटी कशी, कुठे?

गोल भांड्याचा मोह टाळा. त्यात पाणी कमी मावतं, ते लवकर बिघडतं आणि हवा मिळायला पाण्याचा पृष्ठभागही अपुरा पडतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी सुरुवातीला उत्तम. तिच्यात साधारण ५० लिटर पाणी राहतं. म्हणजे भरल्यावर तिचं वजन ५० किलोच्या पुढे जातं, हे विसरू नका. टीव्हीच्या डुगडुगणाऱ्या टेबलावर ती ठेवायची नाही. मजबूत ओटा किंवा लोखंडी स्टँड हवा. खाली फोमची शीट घाला, म्हणजे काच तडकत नाही. थेट ऊन पडेल अशा खिडकीत ठेवलीत तर आठ दिवसांत काच शेवाळाने हिरवीगार होईल.

बाकी सामान थोडंच. हवेचा पंप, त्याला जोडायचा स्पंज फिल्टर, बारीक खडी, एक जाळी आणि झाकण. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं. वायर प्लगकडे नेताना ती आधी खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. आणि पेटीत हात घालण्याआधी सगळे प्लग बंद. घरातल्या मुलांनाही हे बजावून ठेवा.

त्या काळी आमच्याकडे रोज तासन्‌तास लोडशेडिंग असायचं. तेव्हा शिकलेली युक्ती आजही उपयोगी पडते. वीज गेली की माशांना खायला घालायचं नाही. दर अर्ध्या तासाने पेटीतलंच पाणी मगने काढून वीतभर उंचीवरून परत ओतायचं. त्यातून हवा मिसळते.

सुरुवात गप्पीपासून

गोल्डफिश दिसायला गोड, पण तो वीतभर वाढतो, घाण खूप करतो आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. छोट्या पेटीत तो कुढतच मरतो. नवशिक्यांसाठी गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे बरे. या माशांना थोडं जड, क्षाराचं पाणी मानवतं आणि आपल्याकडच्या बोअरचं पाणी जडच असतं. भांड्यांवर पांढरे डाग पाडणाऱ्या या पाण्याचा निदान इथे तरी फायदा!

गप्पीची ओळख तर आपल्याला भिंतींवरच झालेली असते. गप्पी मासे पाळा आणि हिवताप टाळा, असं आरोग्य खात्याने गावोगावी रंगवलेलं तुम्ही वाचलंच असेल. मूळचा हा मासा दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून तो जगभर नेला गेला. आमच्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे घरोघरी हौद आणि टाक्या भरलेल्या असतात आणि डेंग्यूचा डास अशा साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. वापरायच्या पाण्याच्या हौदात चार-पाच गप्पी असले की अळ्या दिसत नाहीत.

मासे आणल्यावर पिशवी १५-२० मिनिटं पेटीत तरंगत ठेवा. मग पेटीतलं पाणी वाटीवाटीने पिशवीत घाला आणि शेवटी जाळीने फक्त मासे सोडा. दुकानातलं पाणी पेटीत ओतू नका, त्याबरोबर रोग येतात. पहिल्यांदा पाचच मासे सोडा. वस्ती बसली की हळूहळू वाढवा.

खाणं किती? दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आपल्या आईपणाला हे जड जातं. जवळ गेलं की मासे काचेशी येऊन तोंड उघडतात आणि आपल्याला वाटतं, उपाशी आहेत बिचारे! उपाशी नसतात. घरचे मासे उपासापेक्षा जास्त खाण्यानेच मरतात. आठवड्यातून एक दिवस काहीच घातलं नाही तरी चालतं. आम्ही त्यांचा गुरुवार ठेवलाय!

आठवड्यातून एकदा पाइप लावून तळाची घाण ओढत पाव भाग पाणी काढायचं आणि तेवढंच शिळं पाणी घालायचं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळायचा. साबण तर पेटीच्या आसपासही नको.

बाळंतपण!

गप्पी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. नर लहान, सडपातळ, रंगीत शेपटाचा. त्याच्या पोटाखालचा पर काडीसारखा बारीक असतो. मादी मोठी, फिक्या रंगाची आणि पोटाळू. एका नराला दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवतो. दुकानातून आणलेली मादी बहुतेक वेळा गाभणच असते. शिवाय एकदा नराशी संग झाला की पुढे काही महिने नराशिवायही ती पिल्लं देऊ शकते. त्यामुळे एकटी मादी ठेवली तरी पिल्लं झाली, म्हणून चकित होऊ नका.

मादीच्या पोटावर शेपटाच्या बाजूला एक डाग असतो. दिवस भरत आले की तो काळपट आणि मोठा होतो, पोट चौकोनी दिसू लागतं. साधारण चार आठवड्यांनी ती विते.

माझ्याकडचं पहिलं बाळंतपण रात्री झालं. मुलाने बॅटरी लावून मोजली, २७ पिल्लं! डोळे तेवढे ठळक, बाकी अंग पारदर्शक. आम्ही आनंदाने झोपलो. सकाळी मोजली तर ११. बाकीची त्यांच्या आईनेच गट्ट केली होती. मुलगा पुन्हा रडवेला. त्याला समजावलं, तिला कळत नाही रे, हलणारं बारीक काही दिसलं की ते तिला खाणंच वाटतं.

तेव्हापासून मी असं करते. दिवस भरत आलेली मादी जाळीने अलगद काढून एका मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवते. पाणी जुन्या पेटीतलंच, पंपाची एक नळी त्यात सोडलेली, आणि वर हायड्रिलासारखं पाणवनस्पतीचं दाट जाळं. वनस्पती नसेल तर रंग न जाणाऱ्या ॲक्रिलिक लोकरीचा सैल गोंडा उकळून, धुऊन टाकते. पिल्लं त्यात लपतात. विणून उरलेल्या लोकरीचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही! मादी व्याली की तिला परत पेटीत नेते. दुकानात मिळणाऱ्या छोट्या डब्यात मादीला दिवसेंदिवस कोंडू नका, ती घाबरते.

पिल्लांना मोठ्यांचंच खाणं बोटांत चुरून अगदी पीठ करून, दिवसातून तीन-चार वेळा चिमटीच्याही चिमटीने घाला. घरात अंडं चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक मोहरीएवढा घेऊन कपड्यातून पाण्यात पिळावा, पण रोज नको. तो पाणी झपाट्याने नासवतो. टबातलं थोडं पाणी दररोज बदललं तर पिल्लं भराभर वाढतात. महिनाभराने नर-मादी ओळखू येऊ लागले की वेगवेगळे करा. दोन-तीन महिन्यांत तीच पिल्लं आई-बाप व्हायला तयार असतात! वर्षाकाठी दुसऱ्या घरचा एखादा नर आणा, म्हणजे नात्यातल्या नात्यात जोड्या लागून पुढची पिढी कमजोर होत नाही.

पिल्लं फार झाली की काय करायचं? मी मैत्रिणींना वाटली. दुकानदार त्या बदल्यात माशांचं खाणं देऊ लागला. यात लगेच पैसा आहे असं मी सांगणार नाही. पण कुणाला खरंच व्यवसाय करायचा असेल तर २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागे शोभिवंत मासे वाढवण्याचं तीन लाख रुपये खर्चाचं युनिट धरलं होतं आणि महिलांसाठी ६० टक्के अनुदान होतं. मुदत, नियम बदलत असतात, म्हणून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन आधी चौकशी करा. आणि त्याच्याही आधी एक वर्ष एक पेटी सांभाळून बघा.

दुष्काळातला टब

मग २०१६ साल आलं. मांजरा धरण आटलं. नळ बंद झाले. घागरी घेऊन टँकरची वाट बघायची, पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली, आणि एप्रिलमध्ये तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा वेळी माझ्या घरात ५० लिटरची पेटी! पाहुणे आले की मला तिच्यावर चादर टाकावीशी वाटायची. एक दिवस सासूबाई बोलल्याच, "माणसाला प्यायला पाणी न्हाई आन् तू माशाला पाजायलीस व्हय?"

त्यांचं काय चुकलं होतं? मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बहुतेक मासे दुकानदाराला परत नेऊन दिले. कुणी म्हणालं, विहिरीत सोडून दे. सोडले नाहीत. नदी, तळं, विहीर इथे बाहेरचे मासे सोडले की ते तिथल्या मूळच्या माशांची अंडी-पिल्लं खातात, त्यांचं खाणं पळवतात. आपली सुटका होते, पण तिथल्या जिवांवर संकट येतं.

एक नर आणि चार गाभण माद्या तेवढ्या ठेवल्या, २० लिटरच्या टबात. पेटी रिकामी केली. ते पाणी कुंड्यांना आणि संडासात वापरलं. टबात हायड्रिला भरपूर घातली, कारण ती पाण्यातली घाण स्वतःच्या वाढीला वापरते. खाणं एक दिवसाआड केलं. तरी थोडं तरी पाणी बदलणं भागच होतं.

आणि एके सकाळी पाहते तर सासूबाई टबाशी उभ्या. रात्री उशाशी ठेवलेला त्यांचा तांब्या, त्यात उरलेलं पाणी त्या हळूच टबात ओतत होत्या. मला बघून म्हणाल्या, "शिळंच हाय. तसंही तुळशीलाच घालणार हुते."

त्या दिवसापासून तोच नेम झाला. रोज सकाळी टबातलं तांब्याभर पाणी काढून तुळशीला घालायचं आणि रात्रीचं शिळं तांब्याभर पाणी टबात. तुळशीचं पाणी तुळशीलाच मिळालं, फक्त माशांच्या घरून गेलं. माशांचं पाणी झाडांना चांगलं खत असतं, त्यामुळे त्या उन्हाळ्यात आमची तुळस तगली. आठवड्याला एकदम बादलीभर पाणी बदलण्यापेक्षा रोज थोडं बदललेलं माशांनाही सोसतं, हे मी तेव्हा शिकले.

मे महिन्याच्या उन्हात एक मादी गेली. बाकीचे चौघं पाऊस बघायला राहिले. जूनमध्ये पहिली सर आली त्या आठवड्यात टबात १४ पिल्लं होती. मोजली सासूबाईंनी, चष्मा लावून.

फवारणीपासून सांभाळा

एक दुखरी आठवण सांगते, म्हणजे तुमच्या बाबतीत ती घडणार नाही. पुढे एका पावसाळ्यात गल्लीत डासांसाठी धुराची फवारणी झाली. खिडक्या उघड्या, पंप चालू. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, तसा तो धूरही त्याने पाण्यात सोडला. संध्याकाळपर्यंत निम्मे मासे गेले. डास मारायचे स्प्रे, कॉइल यांतली औषधं माशांना फार विषारी असतात. फवारणी असेल तेव्हा पंप बंद करा, पेटी ओल्या चादरीने झाका, खिडक्या लावा आणि हवा साफ झाल्यावरच पंप चालू करा.

हे लक्षात ठेवा

● पाणी २४ तास शिळं करूनच घाला. सगळं पाणी एकदम कधीच बदलू नका.

● पेटी मांडल्यावर लगेच गर्दी नको. आधी विरजण, मग पाच मासे, मग बाकीचे.

● नवे मासे दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून बघा.

● अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, मासा खड्यांवर अंग घासू लागला, तर दहा लिटरला दोन चहाचे चमचे जाडं मीठ, विरघळवून, दिवसभरात थोडं थोडं घाला. गप्पी-मॉलींना ते सोसतं. पाणवनस्पती मात्र आधी काढून घ्या.

● मासे वर येऊन तोंडाने हवा घेऊ लागले तर खाणं बंद करा आणि पाव भाग पाणी लगेच बदला.

● फायटर मासा घेतलात तर एका पेटीत एकच नर ठेवा. दोन नर एकमेकांना फाडतात.

● नको असलेले मासे दुकानात द्या, मैत्रिणीला द्या, पण विहिरीत किंवा नदीत सोडू नका.

मुलगा आता नोकरीसाठी पुण्यात असतो. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. टब जाऊन पुन्हा पेटी आली, आणि तिच्यात त्या दुष्काळातल्या गप्पींचे वंशज आहेत. नळाला आता पाणी येतं, बादल्या भरून ठेवता येतात. तरीही रात्री झोपताना मी एक तांब्या भरून ठेवते. सकाळी त्यातलं उरलेलं पाणी कुठे घालायचं, ते आमच्या घरात ठरलेलं आहे.